आत राहिलेला दाणा

हात तुटतो तेव्हा फार आवाज होत नाही. लोक आडून आडून विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. मंदावत घरघरणारा ड्रम पापणी लवायच्या आत अडखळला, आतल्या पत्र्यावर काही तरी ओलं आपटलं आणि ड्रम थांबला. मग किंचाळी ऐकू आली. ती माझ्या धाकट्या जावेची असेल असं मला वाटलं, पण ती माझीच होती. जाऊ तोंड उघडं टाकून नुसती माझ्याकडे बघत होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत मळणीयंत्राच्या तोंडात होता.

मी मजूर आहे. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, म्हणजे शास्त्रज्ञ साहेब सोयाबीनचे नवे वाण जिथं तयार करतात त्या शेतावर, सोळा वर्षांहून जास्त रोजंदारीनं राबते आहे. आमचं गाव रिसोड तालुक्यातलं आणि प्रक्षेत्र गावाला लागूनच. रिसोडच्या बाजारात कुणी विचारलं की माझा नवरा छाती फुगवून सांगतो, "आमची मंडळी विद्यापीठात हाये." समोरचा लगेच मला मॅडम म्हणतो आणि कोणता विषय शिकवता असं विचारतो. मी टाचांच्या भेगा साडीखाली लपवते. खरं सांगायचं तर मीही तिथं शिकवतच होते. काय शिकवत होते, ते सांगायला बसले आहे.

आमच्या विद्यापीठात रक्त काही नवीन नव्हतं. मी कामाला लागले त्याच वर्षी कडबाकुट्टीनं एका मजुराची तीन बोटं उडवली. बोटं कुट्टीच्या ढिगात शोधावी लागली. दोन सापडली. तिसरं बैलानं खाल्लं असेल म्हणून कुणी तरी म्हणालं आणि सगळे हसले. ज्याची बोटं गेली होती तोही हाताला फडकं गुंडाळून हसला. पुढं एकदा ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात एका म्हाताऱ्या मजुराचं धोतर गुंडाळलं गेलं. दांड्यानं त्याला दोनदा जमिनीवर आपटलं, आणि तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा आपटायला माणूस उरला नव्हता. ते मी भाकरी खात असताना पाहिलं आणि पुढचे चार दिवस मला घास गिळता आला नाही. पाचव्या दिवशी गिळता आला, कारण काम होतं. असं काही झालं की कार्यालयातून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, माणूस कायम आहे की रोजंदार. रोजंदार म्हटलं की पलीकडचा आवाज हलका व्हायचा. तो हलका झालेला आवाज मी ऐकलेला आहे, म्हणून मला कुणी समजवायला येऊ नये.

जावेला तिथं मीच लावलं. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्यांच्या वावरात निंदायला जायची. तिथं दुपारी मालकीण पाणी वरून ओतायची आणि आमच्या मोहल्ल्यातल्या बायांनी ओंजळ धरायची. एक दिवस जावेनं ओंजळ मागं घेतली, मालकिणीच्या हातातला तांब्या हिसकावून जमिनीवर आपटला आणि तहानलेलीच घरी आली. दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं उभी राहून तिचं नाव हजेरीपटावर घालून घेतलं. प्रक्षेत्रावर माठ सगळ्यांचा एकच होता. पहिल्या दिवशी तिनं पेला स्वतःच्या हातानं माठात बुडवला, भरून घेतला, प्यायली आणि पुन्हा बुडवला. तहान नसताना तीन पेले प्यायली. तेव्हापासून हजेरीपटावरचं नाव हीच तिची खरी मिळकत होती. घरात भांडण झालं की ती माझ्या दिराला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, सुनवायची, "मले वावरात धाडाचं नाव घेशीन तर पाह्य. मी विद्यापीठातच मरीन."

आता दाण्याचं सांगते, कारण सगळा घोळ दाण्यानंच केला. प्रक्षेत्रावर दहा-वीस वाणांचे छोटे छोटे तुकडे असतात. प्रत्येक तुकड्याची मळणी वेगळी, पिशवी वेगळी, चिठ्ठी वेगळी. एका वाणाचा एक दाणा जरी यंत्रात राहिला आणि पुढच्या वाणात गेला, तर पुढच्या वर्षी पांढऱ्या फुलांच्या तुकड्यात एक जांभळ्या फुलांचं झाड उभं राहतं. त्याला भेसळ म्हणतात. भेसळ दिसली की साहेबांची सात-आठ वर्षांची मेहनत वाया जाते, आणि मग साहेब ज्या शब्दांत बोलतात ते शब्द लिहिण्यासारखे नाहीत. म्हणून एक तुकडा मळून झाला की यंत्र शेवटच्या दाण्यापर्यंत झाडायचं, मगच दुसरा तुकडा घ्यायचा.

या झाडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. बाहेरून पाहुणे आले की साहेब मला पुढं बोलवायचे आणि सांगायचे, "या बाईंच्या हाताखाली भेसळ होत नाही." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालायची. नवरा म्हणायचा, जेवायला तरी खाली उतर.

यंत्राच्या तोंडाला कारखान्यातून हातभर लांब पत्र्याचं नळकांडं लावून आलं होतं. आतल्या ड्रमला लोखंडी खुंट्या असतात, तिथवर माणसाचा हात पोचू नये म्हणून ते होतं. पण त्याच्या सांध्यात दाणे अडकायचे. ते माझ्याच ध्यानात आलं. काडीनं उकरून सात दाणे काढले, तळहातावर घेतले आणि साहेबांना नेऊन दाखवले. साहेब खूश झाले. म्हणाले, "काढून टाका ते." पाना मीच आणला. चारही बोल्ट मीच सोडले. नळकांडं गोदामाच्या कोपऱ्यात गेलं आणि पुढं त्यात एका कोंबडीनं अंडी घातली.

नळकांडं गेल्यावर हात थेट ड्रमपर्यंत जाऊ लागला. यंत्र पूर्ण थांबलं की शेवटचे दाणे खुंट्यांच्या बुडाशी रुतून बसतात, काही केल्या निघत नाहीत. पण मोटर बंद केली की जड ड्रम लगेच थांबत नाही, आपल्याच वेगात बराच वेळ फिरत राहतो आणि हळूहळू मंदावतो. आम्ही त्याला मरता ड्रम म्हणायचो. त्या मरत्या ड्रमच्या कडेनं बोटं फिरवली की दाणा आपसूक उडून हातात येतो. कधी हात घालायचा आणि कधी काढायचा हे मोजून ठरायचं. चाळीस मोजायचे, मग हात आत, आणि सात मोजायच्या आत बाहेर. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मीच शोधलं होतं आणि मीच शिकवत होते.

जावेला मी दोन हंगाम शिकवलं. ती उतावळी होती, तिसाव्या आकड्यालाच हात पुढं न्यायची. मग मी तुऱ्हाटीची काडी हातात धरून तिच्या शेजारी उभी राहायची. हात लवकर गेला की बोटांवर सट्कन फटका.

"बाई, मारता काहून?" ती ओरडायची.

"मी मारलं तर बोट सुजते. यानं मारलं तर बोट राह्यत नाही. मोज."

तिच्या बोटांवर वळ उठायचे. संध्याकाळी ती ते दिराला दाखवायची आणि माझ्या नावानं शिव्या घालायची. पण दुसऱ्या हंगामाच्या शेवटी तिचा हात माझ्यासारखाच चालू लागला. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या अभिमानाचं आज मला तोंड बघवत नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात मुख्यालयातून हातमोज्यांचं खोकं आलं. जाड सुती मोजे, पुरुषांच्या पंजाचे. सोबत हुकूम, की यंत्रावरच्या प्रत्येकानं ते घालावेत आणि घातल्याचे फोटो पाठवावेत. मी एकदा घातले, बोटांना दाणा कळेना, काढून फेकले. मला बोलायची कुणाची छाती नव्हती. जावेनं घातले. फोटोत तीच उभी राहिली, दोन्ही पंजे पुढं करून हसत. बोटांच्या टोकांना मोजे इंचभर रिकामे लोंबत होते. मला ते दिसलं होतं. मी म्हणालेसुद्धा, "यात तर दोन हात मावतीन वं," आणि आम्ही दोघी हसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. तीन तुकडे कापून पडले होते आणि साहेब घड्याळाकडं बघत येरझारा घालत होते. यंत्रावर ऑपरेटर होता, गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा, कायम नोकरीतला, स्वभावानं गरीब. दुपारी दोनच्या सुमाराला एक तुकडा संपला. त्यानं मोटर बंद केली. मी चिठ्ठी लिहीत होते. जाऊ मोजत होती, तिचा आवाज मला ऐकू येत होता. चाळीस तिनं पूर्ण मोजले. हे मी शपथेवर सांगितलं आहे आणि इथंही सांगते. तिनं काहीही चुकवलं नाही. एक, दोन, तीन म्हणेपर्यंत हात आत होता, आणि चारला मोज्याचं लोंबतं टोक खुंटीत अडकलं.

उघडा हात असता तर नखावर निभावलं असतं. मोजा सुटला नाही. त्यानं बोटं ओढली, बोटांनी पंजा ओढला आणि ड्रम एवढा मंदावलेला असूनही त्यानं तिचा हात खुंट्या आणि पत्रा यांच्यामध्ये कोपराखालपर्यंत भरडत नेला. मग तो थांबला. हात आतच अडकून राहिला. बाहेर काढायचा तर ड्रम उलटा फिरवायला हवा होता. ऑपरेटरनं बाहेरचं चाक धरलं, पण तो फिरवायला धजेना. मी त्याच्या पाठीत गुडघा घातला आणि ओरडले, "फिरव, नाही तर तुले आत टाकतो!" आम्ही दोघांनी मिळून ते चाक उलटं फिरवलं. जाऊ तेव्हा ओरडली. जाताना जे तुटायचं राहिलं होतं ते येताना तुटलं, आणि ते माझ्या हातांना चाकातून जाणवत होतं. हाडाचा प्रत्येक तुकडा जाणवला. आजही दळणाच्या चक्कीजवळून जाताना माझे तळहात आपोआप मिटतात.

हात बाहेर आला तेव्हा त्याला हात म्हणता येत नव्हतं. मोजा मात्र शाबूत होता. मी पदर फाडला, दंडाला आवळून बांधला, काडी घालून पिळला. रक्त खालच्या ट्रेमध्ये पडलं होतं, पिवळ्या दाण्यांवर. साहेब धावत आले, बघून बाजूला वळले आणि ओकले. तोंड पुसून ते म्हणाले, "त्या ट्रेमधलं बी वेगळं ठेवा. चिठ्ठी बदलू नका." मला वाटतं त्यांना स्वतःलाही कळलं नसावं ते काय बोलले. मी ट्रे उचलला आणि साहेबांच्या तोंडावर मारला. दाणे, रक्त, चिठ्ठी, सगळं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर.

जीपमध्ये तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रिसोडला बांधाबांध झाली, तिथून अकोल्याला नेलं आणि अकोल्याला हात कोपराखाली चार बोटं ठेवून कापला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं ते हेच, "बाई, आज माही हजेरी लागली का?"

मी म्हटलं, लागली. मला माहीत नव्हतं.

इकडं दिरानं ऑपरेटरला प्रक्षेत्राच्या फाटकावर गाठलं. दगडानं त्याचं नाक फोडलं, खाली पाडलं आणि छातीवर बसून मारत राहिला. चौघांनी ओढलं तेव्हा सुटला. संध्याकाळी ऑपरेटरच्या घरची माणसं काठ्या घेऊन आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी आली आणि आमची माणसं विहारापुढं जमली. तेव्हा तो ऑपरेटरच रक्ताळलेलं फडकं नाकाला धरून मध्ये आला आणि आपल्या चुलत्यांना म्हणाला, "घरी जा तुमी. त्यानं मले मारलं तर काय झालं? त्याच्या बायकोचा हात गेला ना बाप्पा." काठ्या परत गेल्या. त्या माणसाला मी तेव्हापासून भाऊ म्हणते.

तीन आठवड्यांनी चौकशी समिती यायची होती. आदल्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलवलं आणि एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं की यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये अशी स्पष्ट सूचना सर्व मजुरांना दिलेली होती, आणि सदर मजुरास अपघात स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव.

"कायम करण्याची यादी मुख्यालयात चालली आहे," साहेब म्हणाले. "तुमचं नाव दुसरं आहे. सोळा वर्षं झाली तुम्हाला. माझ्यावर तेव्हा जे फेकलंत ते मी विसरलो. एवढी सही करा."

"अन् तिचं काय?"

"एका हातानं ती इथं काय काम करणार? तिचं नाव तसंही कमी होणार."

मी सही केली नाही. म्हणाले, उद्या समितीपुढं मी तोंडीच सांगते, काय व्हायचं आणि कसं व्हायचं ते. रात्रभर मनात ठरवत होते. सांगण्यापेक्षा दाखवावं. साहेबांच्या तोंडावर यंत्र चालवून दाखवावं, मग कुठली सूचना आणि कुठला निष्काळजीपणा! मला वाटलं, मी फार हुशार आहे.

समितीत तिघे होते. जावेलाही बोलवलं होतं. ती लिंबाखाली खुर्चीत बसली होती, पांढऱ्या पट्टीतला अर्धा हात मांडीवर ठेवून, नवी साडी नेसून. कामावर परत घ्यायला आले आहेत अशा तयारीनं आली होती. मी ऑपरेटरला म्हटलं, "भाऊ, लाव मशीन." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं, आणि बटण दाबलं. सोयाबीनच्या दोन पेंढ्या मळल्या. त्यानं मोटर बंद केली. मी बांगड्या मागं सारल्या, मोठ्यानं चाळीस मोजले आणि समितीतला एक जण "अहो, अहो!" करून उठतोय तोवर उघडा हात मरत्या ड्रमच्या कडेला घातला. बोटांना खुंट्यांचा वारा लागत होता. एक, दोन, तीन, चार. चारला मला तिचा मोजा आठवला, तरी हात हलला नाही. सहाला बाहेर काढला. मूठ उघडली. तळहातावर तीन दाणे होते.

"हे असं करतो आमी," मी ओरडूनच म्हणाले. "रोज. साहेबांच्या डोळ्यांपुढं. शेवटचा दाणा असाच निघते. मीच शिकवलं तिले!"

समितीतले वयस्कर गृहस्थ पुढं आले, माझ्या तळहातावरचे दाणे निरखून बघितले आणि म्हणाले, "काय सफाई आहे हो हाताला!"

मला तेव्हाच कळायला हवं होतं.

अहवाल दोन महिन्यांनी आला. साक्षीदार महिला मजुराने सदर प्रक्रिया प्रत्यक्ष करून दाखवली व ती कोणत्याही इजेशिवाय पार पाडली. यावरून प्रशिक्षित व सावध मजुरास ती प्रक्रिया धोकादायक नाही. अपघातग्रस्त मजुरास योग्य प्रशिक्षण व हातमोजे दोन्ही मिळालेले होते. सबब अपघात तिच्या अनवधानामुळे झाला. माझी सही लागलीच नाही. माझ्या शाबूत हातानंच त्यांच्यासाठी सही केली होती. त्याच आठवड्यात मला कायम केल्याचा हुकूम आला आणि जावेचं नाव हजेरीपटावरून कमी झालं.

मी दोन्ही कागद घेऊन तिच्या घरी गेले. लपवणं मला जमत नाही. ती चुलीपुढं बसून पायानं परात दाबून धरत डाव्या हातानं कणीक मळत होती. मी उभ्यानंच सगळं वाचून दाखवलं. ती उठली. कणकेनं भरलेला डावा हात तिनं असा उगारला की मला चुकवता आलं असतं, पण मी चुकवलं नाही. कानाखाली बसला. मी दारावर आदळले. तिनं दुसरी मारली, तिसरी मारली. कानात शीळ वाजू लागली. "तुह्याच हातानं शिकवलं ना मले!" आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मला अगं-तुगं केलं. "अन् तुहा हात वाचला तर माह्याच चुकीनं गेला का माहा? मोजले होते ना मी चाळीस? सांग, मोजले होते का नाही?"

"मोजले होते."

"मग हे त्याइले काहून नाही सांगतलं? तमाशा कायले करून राह्यली होती तिथं?"

मला हात दाखवायचा होता, एवढंच खरं आहे. जावेसाठी गेले होते आणि तिथंही माझी सफाई मिरवून आले.

ती थकली तेव्हा आम्ही दोघी जमिनीवर बसलो. माझ्या गालावर कणीक वाळत होती. मग ती म्हणाली, "डाव्या हातानं सही कराले किती दिस लागतीन?"

अंगठा चालेल असं मी म्हटलं, तर पुन्हा हात उगारला. अंगठा तिला नको होता. सहावीपर्यंत शिकलेली बाई होती ती. मग रोज संध्याकाळी मी तिच्याकडं जाऊ लागले. पोराची जुनी पाटी घेतली. ती पेन्सिल तोडायची, पाटी फेकायची, एकदा फेकलेली पाटी माझ्या भुवईवर लागून रक्त आलं. मी फडक्यानं पुसलं आणि पाटी परत तिच्यापुढं ठेवली. या वेळी माझ्या हातात काडी नव्हती. पौर्णिमेला विहारात आम्ही बाया जमतो, तिथं तिनं सगळ्यांसमोर वहीवर नाव लिहून दाखवलं. अक्षरं वाकडी होती पण पूर्ण होती.

कामगार अधिकाऱ्यांकडं अर्ज तिच्या त्या सहीनं गेला. सुनावणी वाशिमला झाली. अधिकारी बाई होत्या. मला उभं केलं तेव्हा मी बांगड्यांना हात लावला नाही, काही दाखवलं नाही. हात मागं बांधून सांगितलं, की नळकांडं मी सोडलं, साहेबांच्या सांगण्यावरून सोडलं. फिरत्या ड्रममध्ये हात घालायला मी शिकवलं. तिनं चाळीस मोजले, मी कानांनी ऐकले. मोजा पुरुषाच्या मापाचा होता आणि ते मला आदल्या दिवशी दिसलं होतं. माझा हात इतकी वर्षं वाचला तो नशिबानं. विद्यापीठाच्या वकिलानं विचारलं, "म्हणजे अपघाताला तुम्ही जबाबदार आहात?"

"हो," मी म्हणाले. "मी अन् ज्यानं मले शाबासकी दिली तो."

ऑपरेटर माझ्यानंतर उभा राहिला. त्यानंही तेच सांगितलं आणि खिशातून त्या नळकांड्याचे चार बोल्ट काढून टेबलावर ठेवले. ते त्यानं इतकी वर्षं जपून ठेवले होते, मला ठाऊकही नव्हतं.

जावेला परत घ्यावं असा निकाल लागला. तिला बियाणे गोदामात घेतलं, चिठ्ठ्या लिहायला, डाव्या हातानं. माझा कायमचा हुकूम मात्र पुढील आदेशापर्यंत स्थगित झाला, कारण सुरक्षा साधन काढल्याची कबुली मी स्वतःच दिली होती. पुढील आदेश अजून आलेला नाही. मी पुन्हा रोजंदारीत आहे. नवरा बाजारात अजूनही विद्यापीठात हाये म्हणूनच सांगतो. नळकांडं कोंबडीला हाकलून परत बसवलं आणि या वेळी बोल्ट न लावता वेल्डिंग केलं. आता ड्रम पूर्ण थांबल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावत नाही.

यंदा ऑगस्टमध्ये साहेब तुकडे बघायला आले. पांढऱ्या फुलांच्या तुकड्यात मधोमध एक जांभळ्या फुलांचं झाड उभं होतं. साहेबांचा चेहरा लाल झाला. "भेसळ! कुणाच्या हाताखालची आहे ही?"

मी निंदत होते, तिथून उठून उभी राहिले. पण जाऊ आधी बोलली. चिठ्ठ्यांची वही काखेत धरून ती धुऱ्याच्या बांधावर उभी होती.

"मशीनीत दाणा राह्यला, साहेब."

"काहून राहिला?" रागात साहेबही आमच्यासारखंच बोलून गेले.

"कोणी हात घातला नाही म्हणून," ती म्हणाली.

साहेब तिच्या अर्ध्या बाहीकडं बघत राहिले. मग ते वाकले आणि ते झाड त्यांनी स्वतःच्या हातानं उपटलं.